आयझॅक फिजिक्स: सिक्स्थ फॉर्मच्या मुलांसाठी, उत्तर न सांगता शिकवणारी साईट

सप्टेंबरात इथल्या, म्हणजे इंग्लंडमधल्या, शाळा उघडल्या की मला ओळखीच्या मराठी घरांतून निरोप यायला लागतात. मुलगा किंवा मुलगी जीसीएसई (सोळाव्या वर्षीची शालान्त परीक्षा) पास होऊन सिक्स्थ फॉर्मला (शाळेची शेवटची दोन वर्षं) लागलेली असते, ए-लेव्हलला (त्या दोन वर्षांच्या शेवटची परीक्षा) फिजिक्स आणि मॅथ्स घेतलेलं असतं, आणि आईवडील विचारतात, "ताई, ट्यूशन कुठली लावू?" गणपतीत महाराष्ट्र मंडळात भेटलो तरी प्रसादाच्या रांगेत हाच विषय. मी लंडनच्या पश्चिमेकडे एका सरकारी सिक्स्थ फॉर्म कॉलेजात ए-लेव्हल फिजिक्स शिकवते, त्यामुळे विचारणं साहजिक आहे. माझं उत्तर ठरलेलं आहे: आधी एक टर्म आयझॅक फिजिक्स नीट वापरू दे, ट्यूशनचं नंतर बघू. नीट म्हणजे कसं, आणि ही साईट कुठे कमी पडते, हे दर वेळी फोनवर सांगण्यापेक्षा एकदा सविस्तर लिहिते. इथल्या पालकांसाठी आणि शिक्षकांसाठी तर आहेच, पण महाराष्ट्रात अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवणाऱ्यांनीही वाचावं.

आधी ही काय चीज आहे ते. केंब्रिज विद्यापीठाच्या फिजिक्स विभागातून, म्हणजे कॅव्हेंडिश प्रयोगशाळेतून निघालेला हा उपक्रम. प्रा. मार्क वॉर्नर आणि डॉ. लिसा जार्डिन-राइट यांनी तो उभा केला, इंग्लंडच्या शिक्षण खात्यानं पैसा दिला, विद्यापीठाच्या संगणकशास्त्र विभागानं तांत्रिक बाजू सांभाळली. वॉर्नर २०२१ मध्ये गेले. द्रवस्फटिकांपासून बनणाऱ्या रबरावर जगात नाव कमावलेला शास्त्रज्ञ सोळा-सतरा वर्षांच्या मुलांसाठी उताराचे आणि कप्पीचे प्रश्न रचायला वेळ काढत होता, याचं मला फार मोल वाटतं. सुरुवात फिजिक्सपासून झाली, मग गणित, केमिस्ट्री, बायॉलॉजी असं वाढत गेलं आणि आता सगळं आयझॅक सायन्स या एका नावाखाली आहे. आम्ही शिक्षक मात्र अजून आयझॅक फिजिक्सच म्हणतो, म्हणून मीही इथे तेच नाव ठेवते. संपूर्ण फुकट आहे. मुलांना फुकट, शिक्षकांना फुकट, आणि कुठल्याही देशातून वापरता येतं.

ही साईट कुठल्या दुखण्यावरचं औषध आहे ते कळायचं तर जीसीएसई आणि ए-लेव्हल यांच्यामधली दरी बघावी लागते. जीसीएसईच्या फिजिक्समध्ये प्रश्न पायऱ्यापायऱ्यांनी येतो. आधी सूत्र निवड, मग किंमती घाल, मग उत्तर लिही, असं बोट धरून नेतात. सूत्रांचा कागदही हाताशी असतो. तिथे सर्वात वरची श्रेणी, म्हणजे ९, मिळवलेलं मूल सप्टेंबरात माझ्या वर्गात येतं आणि उतारावर ठेवलेल्या खोक्यापाशी अडतं. कारण इथे कुठलं सूत्र ते कोणी सांगत नाही. आकृती स्वतः काढायची, बलं स्वतः दाखवायची, त्यांचे घटक स्वतः करायचे. ए-लेव्हल फिजिक्समध्ये किमान ४० टक्के गुण गणिती कौशल्यांना असावेत असा नियमच आहे. ज्यांनी फिजिक्स घेतलंय पण मॅथ्स घेतलेलं नाही, अशी मुलंही वर्गात असतात, आणि ऑक्टोबरच्या हाफ-टर्मच्या सुट्टीपर्यंत त्यांचा धीर सुटायला लागतो. "मिस, मला वर्गात कळतं, घरी जमत नाही" हे वाक्य प्रत्येक बॅचमध्ये ऐकू येतं. वर्गात कळणं म्हणजे माझं गणित बघणं. घरी जमणं म्हणजे स्वतःचं करणं. या दोहोंमध्ये जे अंतर आहे, तिथे आयझॅक कामाला येतं.

साईटवर प्रश्न विषयवार आणि कठीणपणाप्रमाणे लावलेले आहेत. यांत्रिकी, लहरी, विद्युतमंडलं, क्षेत्रं, उष्णता, सगळं आहे. सरावाचे प्रश्न आणि आव्हानाचे प्रश्न असे दोन थर, आणि प्रत्येक थरात पुन्हा चढती पातळी. जीसीएसईपासून विद्यापीठाच्या उंबरठ्यापर्यंत. बहुतेक प्रश्नांना पर्याय नसतात. उत्तराची संख्या स्वतः लिहायची आणि एकक यादीतून निवडायचं. पर्याय नसण्याचा फायदा असा की चारांतलं कुठलं बरं दिसतंय हा खेळच उरत नाही.

आता जवळून दाखवते. समजा प्रश्न आहे: २५ अंशांच्या गुळगुळीत उतारावर ठोकळा सोडला, त्याचं त्वरण किती? मूल वहीत ९.८१ गुणिले साइन २५ करतं, कॅल्क्युलेटर ४.१४५८ आणि पुढे शेपूट दाखवतो, आणि मूल ते सगळं जसंच्या तसं टाकतं. साईट काय म्हणते? उत्तर चूक की बरोबर ते बाजूला राहू दे, सार्थ अंक (सिग्निफिकंट फिगर्स, म्हणजे उत्तरात किती अंक भरवशानं लिहायचे ते) चुकलेत. बस, एवढंच. ती किंमत बरोबर होती हेसुद्धा सांगत नाही. मूल वैतागतं. मग प्रश्नाकडे परत जातं, दिलेला कोन दोन सार्थ अंकांत आहे हे बघतं आणि ४.१ लिहितं. एकक मीटर प्रति सेकंद निवडलं तर तेही अडवलं जातं, कारण त्वरणाला सेकंदाचा वर्ग लागतो. आणि कॅल्क्युलेटर अंशांऐवजी रेडियनवर, म्हणजे कोनाच्या दुसऱ्या एककावर, राहिला असेल तर उत्तर येतं उणे १.३. इथे मी मुलांना थांबवते. "उणे म्हणजे कुठल्या दिशेला?" मूल बघतं, आपला ठोकळा आपोआप उतार चढून वर निघालाय. ते स्वतःच्या डोळ्यांनी दिसलं की कॅल्क्युलेटर अंशांवर आहे ना, हे तपासायची सवय लागते. शंभर वेळा सांगून लागत नाही.

पालकांची इथे एक तक्रार असते. एवढ्यातेवढ्या सार्थ अंकांसाठी मुलाला कशाला छळायचं, परीक्षेत त्याचा जेमतेम एखादा गुण जातो. गुणांचा हिशेब खरा आहे. पण मोजलेल्या राशीला एक मर्यादा असते, आणि ती मर्यादा उत्तरातही प्रामाणिकपणे यायला हवी, ही फिजिक्सची पहिली शिस्त आहे. मोजपट्टीनं मिलिमीटरपर्यंत मोजायचं आणि उत्तरात मायक्रोमीटर मिरवायचे, हे प्रयोगशाळेत चालत नाही. ए-लेव्हलला प्रयोगांची वेगळी नोंद होते, तिथे अनिश्चितता काढायची वेळ येते, तेव्हा ज्यांनी आयझॅकवर सप्टेंबरपासून हे सोसलंय त्यांना ती गोष्ट नवी वाटत नाही.

उत्तर न सांगणं हा या साईटचा गाभा आहे. अडलं तर एकामागून एक सूचना उघडता येतात. पहिली सूचना बहुधा कुठली संकल्पना आठवायची तेवढं सांगते, पुढची आकृती काढायला लावते किंवा व्हिडिओत थोडं पुढे नेते. शेवटच्या सूचनेनंतरही शेवटचं पाऊल मुलानंच टाकायचं असतं. पाठीमागे उत्तरांची यादी नाही. आणि अंदाजानं एकामागून एक आकडे टाकत राहिलं तर साईट थोडा वेळ थांबायला लावते. हे थांबणं मला फार आवडतं. इंटरनेटवर ए-लेव्हलच्या जुन्या प्रश्नपत्रिका आणि त्यांच्या गुणदान पत्रिका मुबलक आहेत. त्याही लागतात, मीही वापरते. पण शेजारी उत्तर उघडं असलं की सोळा वर्षांचं मूल दोन मिनिटांत तिकडे डोकावतं, "हो, मला हेच म्हणायचं होतं" म्हणतं आणि पुढे जातं. त्यातून शिकल्याचा भास होतो. आयझॅकवर असा भास व्हायला जागाच ठेवलेली नाही.

माझ्या मते या साईटचं सगळ्यात मोलाचं अंग म्हणजे अक्षरांत उत्तर मागणारे प्रश्न. त्यात आकडे नसतात. वस्तुमानासाठी अक्षर, कोनासाठी अक्षर, आणि उत्तर म्हणजे समीकरण. पडद्यावर चिन्हं ओढून आणून समीकरण मांडता येतं, किंवा टाइप करता येतं. बीजगणितानं तेच ठरणारं उत्तर वेगळ्या मांडणीत लिहिलं तरी साईट बरोबर धरते, त्यामुळे अमुकच रूपात लिही अशी सक्ती नाही. ओढाओढीचं काम मोठ्या पडद्यावर करावं, फोनवर करू नये, एवढं मुलांना आधीच सांगते.

कप्पीचा प्रश्न घ्या. हलक्या, गुळगुळीत कप्पीवरून दोरी, दोन टोकांना दोन वस्तुमानं, एक मोठं, एक लहान. त्वरण काढा. वर्गात मी हा प्रश्न आयझॅकवर टाकण्याआधी छोट्या पांढऱ्या फळ्यांवर करून घेते. ए-फोर आकाराचे, पुसता येणारे फळे, प्रत्येकाकडे एक. तीन मिनिटं कोणी बोलायचं नाही, मग सगळ्यांनी फळे वर करायचे. मला एका नजरेत वीस उत्तरं दिसतात. बरोबर उत्तर असं: मोठं वजा लहान, भागिले मोठं अधिक लहान, गुणिले गुरुत्वत्वरण. पण दोन-तीन फळ्यांवर बेरीज वर आणि वजाबाकी खाली असते. मी चूक-बरोबर काही म्हणत नाही. विचारते, "दोन्ही वस्तुमानं सारखी केली तर काय व्हायला हवं?" सगळे म्हणतात, काहीच हलणार नाही, त्वरण शून्य. "मग तुमच्या उत्तरात सारखी घालून बघा." ज्यांनी उलटं लिहिलंय त्यांच्या छेदात शून्य येतं, त्वरण अनंत. त्यांचे हात आपोआप फळा पुसायला जातात. मग दुसरा प्रश्न: लहान वस्तुमान पार काढूनच टाकलं तर? मोठं मोकळं पडणार, त्वरण गुरुत्वाएवढं. घालून बघितलं की जुळतं. टोकाच्या स्थिती घालून आपलं उत्तर आपणच तपासायचं हे तंत्र एकदा हाती आलं की मूल माझ्यावर आणि छापील उत्तरांवर विसंबून राहत नाही. आकड्यांच्या उत्तरात हे तपासणं शक्य नाही, ४.१ कडे बघून काही कळत नाही. म्हणून शिक्षकांना माझा आग्रह आहे की अक्षरांतले प्रश्न फक्त हुशार मुलांसाठी राखून ठेवू नका. मॅथ्स न घेतलेल्या मुलांना त्यांची गरज जास्त आहे.

ऑक्सफर्ड-केंब्रिजच्या मुलाखती डिसेंबरात होतात, त्यात नेमकं हेच बघतात. उत्तर किती लवकर आलं यापेक्षा, अनोळखी प्रश्नासमोर मूल मोठ्यानं विचार कसा करतं, टोकाची स्थिती घालून बघतं का, अडल्यावर दिलेली सूचना वापरतं का. आमच्या कॉलेजात त्या मुलाखतींना जाणारी मुलं थोडीच असतात, पण वर्गात ही पद्धत सगळ्यांसाठी चालते.

आता गृहपाठाचं. शिक्षक म्हणून खातं उघडलं की वर्गाचा गट करता येतो. मुलं एक सांकेतिक शब्द टाकून गटात येतात आणि आपलं काम शिक्षकाला दिसू द्यायला संमती देतात. ही संमती मुलाच्या हातात असते, ती काढूनही घेता येते, हे मला योग्य वाटतं. मग हवे ते प्रश्न निवडून एक संच बांधायचा आणि तारीख घालून द्यायचा. मी थोडेच प्रश्न देते. पहिले दोन सगळ्यांना जमावेत असे, मधले वर्गातल्या धड्यावरचे, आणि शेवटचा मुद्दाम वरच्या थरातला. शेवटचा सुटला नाही तरी चालतं, पण वहीत त्याची आकृती हवी आणि "मी इथे अडले" अशी एक ओळ हवी. माझी अट एकच, आधी वही मग पडदा. डाव्या पानावर आकृती आणि माहिती, उजव्या पानावर मांडणी, शेवटी चौकटीत उत्तर, आणि मगच लॉगिन. साईट फक्त अंतिम उत्तर तपासते, रीत तिला दिसत नाही. रीत बघायचं काम माझं आहे आणि ते वहीशिवाय होत नाही. ज्या वर्गात वही सुटते तिथे आयझॅकचा अर्धा उपयोग संपतो, हे मी सहकाऱ्यांनाही आवर्जून सांगते.

दुसऱ्या दिवशी तासाला जाण्याआधी मी प्रगतीचा तक्ता उघडते. कोणी कुठला प्रश्न सोडवला, कुठे अर्धवट राहिला, कुठे हातच लावला नाही, सगळं नावासमोर रंगांत दिसतं. ज्या स्तंभात अडलेल्यांची गर्दी, तो प्रश्न तासाची पहिली दहा मिनिटं घेतो. मी तो सोडवून दाखवत नाही. जिचा सुटलाय तिला उभी करते आणि सांगते, उत्तर सांगायचं नाही, फक्त पहिलं वाक्य सांग. "मी दोन्ही वस्तुमानांसाठी वेगळी आकृती काढली," ती म्हणते. तेवढ्यानं निम्म्या वर्गाच्या पेन्सिली चालायला लागतात. साईटवरची सूचना जे काम करते तेच इथे वर्गमैत्रिणीच्या तोंडून होतं, आणि मुलं ते जास्त मनावर घेतात.

आणखी एक वापर मला फार लाभलाय. ऑक्टोबरात शिकवलेल्या प्रकरणाचे दोन-तीन प्रश्न नोव्हेंबरच्या आणि पुन्हा जानेवारीच्या संचात मिसळायचे. सांगायचं नाही कुठले जुने ते. ए-लेव्हलच्या अंतिम परीक्षा दोन वर्षांच्या शेवटी एकदम असतात. बाराव्या वर्षात शिकलेलं तेराव्याच्या उन्हाळ्यात आठवायला हवं. (इथे सिक्स्थ फॉर्मची दोन वर्षं इयर १२ आणि इयर १३ म्हणून मोजतात, आपल्या अकरावी-बारावीच्या वयाची.) जुनं मध्येमध्ये पुढ्यात येत राहिलं की ते टिकतं. तयार संच वापरण्यापेक्षा स्वतः असे मिश्र संच बांधावेत, त्याला वेळ जातो पण तो वेळ सार्थकी लागतो.

कमी कुठे पडते ते स्पष्ट सांगते. परीक्षेत सहा गुणांचे लेखी प्रश्न असतात: एखादा प्रयोग कसा कराल, एखादी घटना का घडते, सुसंगत परिच्छेदात लिहा. त्याचा सराव आयझॅकवर होत नाही. माझ्या वर्गातली कित्येक मुलं गणितात पक्की आणि या प्रश्नांत कच्ची असतात, विशेषतः ज्यांच्या घरी इंग्रजी बोललं जात नाही ती. प्रयोगांचंही तसंच. स्प्रिंगचं दोलन मोजताना हात कुठे थरथरतो, वर्नियर कसा वाचायचा, हे हातानंच शिकावं लागतं. शिवाय साईट कुठल्या एका परीक्षा मंडळाच्या क्रमानं चालत नाही. एक्यूए, ओसीआर, एडेक्सेल यांचे क्रम वेगळे, त्यामुळे मुलानं स्वतःहून काहीही उघडलं तर न शिकवलेलं प्रकरण समोर येऊ शकतं. शिक्षकानं निवडून दिलं तर हा प्रश्न येत नाही.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, एकटं सोडलं तर कच्चं मूल यावर निराश होतं. पक्क्या मुलाला अडणं म्हणजे ईर्ष्या वाटते, कच्च्याला वाटतं आपल्यात काहीतरी कमी आहे. अशांसाठी मी आव्हानाचे प्रश्न लांबच ठेवते आणि आयझॅकच्याच मूलभूत कौशल्यांच्या पुस्तकापासून सुरुवात करते. दहाच्या घातांक रूपात संख्या लिहिणं, एककं बदलणं, सूत्रातलं अक्षर एका बाजूला आणणं, आलेखाचा चढ काढणं, अशी एकेक पानाची छोटी छोटी कवायत आहे. त्यातला प्रत्येक प्रश्न साईटवरही तपासता येतो. हे छापील पुस्तक कित्येक वर्षं अवघ्या एका पौंडाला मिळत होतं. नफा काढायचाच नव्हता. सप्टेंबरचे पहिले काही आठवडे ही पानं रोज थोडी केली तर नाताळपर्यंत मुलाचा हात बसतो. पहिल्या महिन्यात आव्हानाच्या प्रश्नांवर आपटलेलं मूल मात्र विषय सोडायच्या गोष्टी करायला लागतं.

तारे द्यायचेच तर पाचपैकी साडेचार. अर्धा कापलाय तो लेखी प्रश्नांसाठी.

याच्या जोडीला काय ठेवावं, हेही विचारलं जातं. आकृती डोळ्यांपुढे हलती हवी असेल तर कोलोरॅडो विद्यापीठाची फेट सिम्युलेशन्स. २००१ चं फिजिक्सचं नोबेल मिळालेले कार्ल वायमन यांनी २००२ मध्ये सुरू केलेला हा उपक्रम, तोही फुकट, आणि त्यातली बरीच सिम्युलेशन्स मराठीतही आहेत. विद्युतमंडलात दिवे जोडून बघायला याहून चांगलं साधन मला माहीत नाही. आलेखांसाठी डेसमॉस. पण क्रम असा ठेवा: सिम्युलेशनमध्ये आधी अंदाज लिहून मग बटण दाबायचं, आणि आकड्यांनिशी काम आयझॅकवर. नुसतं बघत बसलं तर तासभर छान जातो आणि वहीत काही उरत नाही.

ट्यूशनबद्दल पालकांना एवढंच सांगेन. काही मुलांना ती लागते. आजारपणात शाळा बुडाली, देश बदलून मूल मधल्या वर्गात आलं, तर एखादा चांगला शिक्षक आठवड्यातून एकदा असणं योग्यच आहे. पण आपल्याकडचा क्लासेसचा अनुभव घेऊन आलेली घरं ट्यूशनकडे आधी वळतात आणि ट्यूटर मुलासमोर गणितं सोडवून दाखवतो. पुन्हा तेच, बघणं. ट्यूटर ठेवलाच तर त्याला सांगा की मुलाची आयझॅकची वही घेऊन बसा आणि अडलेल्या ओळीपासून सुरू करा. मूल अडलंय आणि पंधरा मिनिटं गप्प बसलंय, हे बघवत नाही, मला कळतं. त्या वेळी खोलीत जाऊन "काय झालं, जमत नाही का" असं विचारू नका. चहा ठेवा आणि नंतर विचारा, "प्रश्न काय आहे ते मला समजावून सांग." फिजिक्स येत नसलं तरी चालतं. समजावता समजावता मुलाला निम्म्या वेळा वाट सापडते.

काही मराठी घरांना स्टेम स्मार्टबद्दल माहीत नसतं, ते जाता जाता सांगते. केंब्रिज विद्यापीठ आयझॅकच्या बरोबरीनं २०२२ पासून हा फुकट कार्यक्रम चालवतं, सरकारी शाळांतल्या आणि घरच्या किंवा शाळेच्या परिस्थितीचे काही निकष बसणाऱ्या मुलांसाठी. आठवड्याला ऑनलाइन शिकवणी आणि ठरलेला अभ्यास असतो. अर्ज इयर १२ मध्येच करायचा असतो, म्हणून शाळा सुरू होताच फिजिक्सच्या शिक्षकांना विचारा.

महाराष्ट्रातल्या शिक्षकांसाठी थोडं. मी स्वतः सांगलीत बारावी केली. लॉग टेबलवर गुणाकार, भागाकार, वर्गमूळ. बोर्डाच्या परीक्षेला कॅल्क्युलेटर नव्हता, त्यामुळे आकड्यांचा अंदाज हाताला होता. तो अंदाज इथल्या मुलांना मला वेगळा शिकवावा लागतो. तुमच्या मुलांकडे ती जमेची बाजू आहे. त्यांना कमी मिळतं ते पर्याय नसलेल्या, लांब, अनोळखी प्रश्नाशी एकट्यानं झुंजणं, कारण अकरावीपासून सगळा जोर प्रवेश परीक्षेच्या पर्यायी प्रश्नांवर आणि वेगावर असतो. यांत्रिकी, विद्युतमंडलं, लहरी हे भाग तिथेही तेच आहेत, न्यूटन तोच आहे. साईट इंग्रजीत आहे, पण सायन्सची मुलं पुस्तकही बहुधा इंग्रजीतच वाचतात. आठवड्याला फक्त एक अक्षरांतला प्रश्न, फळ्यावर न सोडवता, मुलांना दोघादोघांत बसवून द्या. लॅपटॉप नसला तरी चालेल, प्रश्न फळ्यावर उतरवा आणि शेवटी एका फोनवर उत्तर तपासा. टोकाची स्थिती घालून बघायला विसरू देऊ नका.

सुरुवात करणाऱ्या इयर १२ च्या मुलासाठी माझा क्रम असा. खातं शाळेच्या ईमेलवर काढ. शिक्षकांनी गट केला असेल तर त्यांचा सांकेतिक शब्द घाल, नसेल तर त्यांना विचार, बहुतेकांना आनंदच होईल. पहिले दोन आठवडे कौशल्यांची पानं, एककं आणि घातांकांपासून. तिसऱ्या आठवड्यात यांत्रिकीचे सरावाचे प्रश्न, सगळ्यात खालच्या पातळीवरचे, रोज दोन, वेगळ्या वहीत. वीस मिनिटं अडलास तर पहिली सूचना उघड, आणखी दहा मिनिटांनी दुसरी. तरी नाही सुटला तर तो प्रश्न, तुझ्या आकृतीसकट, दुसऱ्या दिवशी शाळेत घेऊन जा.